पोट फुगवायच्या गॅससाठी यूव्हीचा डबा : ओटीत सहा आठवडे वापरून

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या आमच्या डीलरने ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, एक पांढरा डबा आणून ठेवला. जेवणाचा डबा आडवा ठेवावा तेवढा आकार. एका टोकाला गॅस आत घ्यायची तोटी, दुसऱ्या टोकाला बाहेर सोडायची, वर एक हिरवा दिवा आणि तासांचं मीटर. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट फुगवायला आपण जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो या डब्यातून जाताना यूव्ही (अतिनील) प्रकाशाने निर्जंतुक होतो, असं त्याचं काम. सहा आठवडे डेमोवर वापरा, मग ठरवा, असं बोलणं झालं होतं. आता डबा परत गेलाय. तो ६१ पेशंटना लागला आणि त्यातल्या बहुतेक केसेसना मी स्वतः ट्रॉलीपाशी उभी होते, म्हणून हे लिहायला घेतलं. कंपनीचं नाव देत नाही. आमच्याकडे आलं ते सुरुवातीचं मॉडेल होतं आणि त्यांच्या इंजिनीअरने माझ्या सगळ्या तक्रारी वहीत उतरवून नेल्या आहेत. पण असा कुठलाही डबा तुमच्या ओटीत येणार असेल तर हे वाचून मग सही करा.

मी मुंबई नाक्याजवळच्या एका चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात ओटी इन्चार्ज आहे. ओटीत बावीस वर्षं झाली. एप्रिल-मे हा आमच्याकडे दुर्बिणीच्या केसेसचा सीझन. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची माणसं पित्ताशयातले खडे घेऊन हिवाळाभर दुखणं काढतात, कारण बागेत माल लटकलेला असतो. द्राक्षं निघाली, पैसे हातात आले की मग फाईल घेऊन येतात. त्यामुळे यंत्र तपासायला याहून चांगला काळ नव्हता. दिवसाला तीन-चार केसेस, वेगवेगळे सर्जन, आणि वर उन्हाळ्यातली वीज.

आधी गॅसबद्दल दोन शब्द, कारण ओटीबाहेरच्या वाचकांना हे माहीत नसतं. पोट फुगवल्याशिवाय आतलं दिसत नाही. हवा भरता येत नाही, कारण ती रक्तात गेली तर विरघळत नाही आणि जीवावर बेतू शकतं. कार्बन डायऑक्साइड रक्तात लगेच विरघळतो, फुप्फुसातून निघून जातो आणि कॉटरी, म्हणजे जाळून कापायचं विजेचं हत्यार, लावली तरी पेट घेत नाही. आपण प्रेशर १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्यावर ठेवतो. ज्या सुईने पहिल्यांदा गॅस सोडतात ती व्हेरेस निडल मुळात हंगेरीच्या डॉ. यानोश व्हेरेस यांनी १९३० च्या दशकात टीबीच्या पेशंटच्या छातीत हवा सोडायला बनवली होती. आपल्या देशात दुर्बिणीने पित्ताशय काढायची सुरुवात १९९० साली मुंबईला डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी जे. जे. हॉस्पिटलमध्ये केली. म्हणजे ज्या ऑपरेशनला आज निफाडचा शेतकरी सहज 'दुर्बिणीनं करून टाका' म्हणतो, ते इथे रुजून फार वर्षं झालेली नाहीत.

हा गॅस येतो सिलिंडरमधून. मेडिकल ग्रेडच्या सिलिंडरबरोबर शुद्धतेचा कागद येतो, 'स्टराइल' असा शिक्का त्यावर नसतो. आपल्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला हाच गॅस लागतो, ग्रेड वेगळा, पण सिलिंडर तसाच लोखंडी. डीलरने पहिल्याच दिवशी इथेच बोट ठेवलं. म्हणाला, "सिस्टर, बाकी सगळं तुम्ही ऑटोक्लेव्ह करता, ईटीओ करता. पोटात थेट जाणारा गॅस मात्र जसा आला तसा सोडता." (ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने आणि ईटीओ म्हणजे इथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक करणं.) त्याचं म्हणणं खरं आहे. हा प्रश्न मला स्वतःलाही अनेक वर्षं पडत आलाय, म्हणून तर डबा ठेवून घ्यायला मी सरांकडे हट्ट धरला.

आपण गॅसच्या नळीला फिल्टर लावतो. तळहातावर मावणारी पांढरी चकती, आत पाणी न धरणारा बारीक पडदा. प्रत्येक पेशंटला नवीन लावायची. कितीतरी ठिकाणी ती एकच चकती आठवडाभर फिरते, हे नाशिकमधल्या मैत्रिणींच्या बोलण्यातून मला माहीत आहे. आमच्याकडे तसं होऊ देत नाही. ही चकती दोन कामं करते. गॅसमधले कण आणि जंतू अडवते, आणि उलट बाजूने, पोटातलं रक्त किंवा पाणी नळीतून मागे इन्सफ्लेटरमध्ये, म्हणजे पोटात गॅस ढकलणाऱ्या यंत्रात, जाऊ देत नाही. दुसरं काम फार महत्त्वाचं. इन्सफ्लेटरच्या पोटात एकदा का रक्त गेलं की ते यंत्र पुढच्या प्रत्येक पेशंटसाठी संशयाचं होतं. डीलरच्या कागदात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की यूव्ही आला की फिल्टरचा खर्च वाचेल. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, फिल्टर निघणार नाही. डबा त्याच्या आधी बसेल, इन्सफ्लेटर आणि फिल्टरच्या मध्ये. इंजिनीअर तरुण मुलगा होता, पुण्याहून आलेला. त्याने वाद घातला नाही, तसंच बसवून दिलं. प्रकाश जंतू मारतो, पण मागे येणारं रक्त थांबवू शकत नाही, हे त्यालाही मान्य होतं.

आता चांगल्या गोष्टी. डबा आवाज करत नाही. तो बसवल्यावर इन्सफ्लेटरचं प्रेशर किंवा फ्लो कुठे अडखळला नाही, ही माझी पहिली धास्ती होती आणि ती खोटी ठरली. गॅस क्वार्ट्झच्या नळीतून जातो आणि दिवे नळीच्या बाहेर आहेत. साध्या काचेतून हा प्रकाश पार होत नाही, म्हणून क्वार्ट्झ. दिव्यात पारा असतो, पण दिवा फुटला तरी पारा आणि गॅस यांच्यामध्ये नळीची भिंत आहे. ही रचना मला मनापासून आवडली. झाकण उघडलं की दिवा आपोआप बंद होतो. तेही आवडलं, कारण उघड्या यूव्ही दिव्याने काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या सुरुवातीच्या नोकरीत रात्री ओटीच्या भिंतीवर यूव्हीच्या ट्यूब लावून ठेवायची पद्धत होती. एका पहाटे आमच्या मावशी दिवा बंद न करता लादी पुसायला आत गेल्या आणि वीसेक मिनिटं तिथेच होत्या. दुपारी त्यांचे डोळे उघडेनात. "डोळ्यांत रेती भरलीय गं बाई," म्हणत रडत होत्या. दोन दिवसांनी बरं वाटलं, पण त्या दिवसापासून निळा दिवा दिसला की मी आधी स्विच शोधते. या डब्यात बाहेर उजेड येत नाही, असं वाटलं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

हा प्रकाश जंतू कसा मारतो, ते आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी छान समजावून दिलं. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश साधारण २५४ नॅनोमीटरचा. तो जंतूच्या डीएनएमध्ये शिरतो आणि शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटवून टाकतो. मग त्या जंतूला आपली नक्कल काढता येत नाही. वाढ थांबली की तो असून नसल्यासारखा. कार्बन डायऑक्साइडवर मात्र या प्रकाशाचा काही परिणाम होत नाही, गॅस तसाच राहतो. नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं ते त्वचेच्या टीबीवर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल, हेही मॅडमनीच सांगितलं. गॅस सोडायची सुई टीबीतून आली आणि हा दिवाही टीबीच्या वाटेनेच आला, हे ऐकून मला भरून आलं. माझे आजोबा टीबीने गेले.

प्रकाशाचा डोस म्हणजे त्याची तीव्रता गुणिले वेळ. जंतू प्रकाशात किती वेळ राहिला, यावर सगळं ठरतं. इथेच मी अडून बसले.

इंजिनीअरकडे दाखवायला एक सुटी क्वार्ट्झची नळी होती, आत बसवलेली तीच, तेवढीच. मी ती एका बाजूने बुचाने बंद केली आणि ५० मिलीच्या सिरिंजने पाणी भरलं. चार सिरिंज गेल्या. म्हणजे नळीत २०० मिली गॅस मावतो. आता हिशोब करा. गॅस मिनिटाला ३ लिटरने चालला असेल, म्हणजे सेकंदाला ५० मिली, तर तो प्रकाशात चार सेकंद राहतो. पण ऑपरेशन असं एका वेगाने चालत नाही. सर्जनने सक्शन लावलं, किंवा इन्स्ट्रुमेंट बदलताना ट्रोकारचा (हत्यारं पोटात घालायच्या नळीचा) व्हॉल्व्ह उघडा राहिला, की पोट खाली बसतं. "सिस्टर, गॅस गेला!" ही हाक दिवसातून दहा वेळा ऐकू येते. मग इन्सफ्लेटर मिनिटाला २० लिटरने ढकलतो. त्या वेळी तोच गॅस नळीतून जेमतेम ०.६ सेकंदात पार होतो.

डीलरच्या कागदावर मोठ्या आकड्यात '९९.९ टक्के जंतू मरतात' असं होतं. तळाशी मुंगीच्या अक्षरांत 'चाचणीचा फ्लो मिनिटाला ३ लिटर' असं होतं. मी मॅडमना विचारलं, २० लिटरला काय होईल? त्यांनी पेन घेतलं. सारख्या वेळात उरलेल्यांपैकी सारख्याच प्रमाणात जंतू मरतात असं धरलं, तर चार सेकंदांत हजारातला एक उरतो. ०.६ सेकंदात हजारातले साधारण ३५५ उरतात. म्हणजे ९९.९ ऐवजी ६५ टक्क्यांच्या आसपास. हे कच्चं गणित आहे, प्रत्येक जंतूचं वागणं वेगळं असतं, हे मॅडमनीही बजावलं. पण ज्या क्षणी गॅस सगळ्यात जास्त जातो, त्याच क्षणी दिवा सगळ्यात कमी काम करतो, ही गोष्ट कुठल्याही गणिताने बदलत नाही. मी तो कागद इंजिनीअरला दाखवला तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं." त्याच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं. तेव्हा डबा घेताना एवढंच विचारा : तुमच्या इन्सफ्लेटरच्या सगळ्यात जास्त फ्लोला किती टक्के? त्याचा लेखी रिपोर्ट मागा.

दिव्याच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. असा दिवा चालू केल्यावर पूर्ण ताकदीवर यायला काही मिनिटं घेतो. आणि तो थंड पडला की त्याचा प्रकाश कमी होतो. सिलिंडरमधून सुटणारा गॅस थंड असतो, हे सिलिंडरच्या तोंडाशी हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दिवा जुना होत जातो तसा त्याचा यूव्ही घटत जातो, पण निळा उजेड दिसतच राहतो. घरच्या पाण्याच्या फिल्टरचंही असंच असतं. निळं दिसतंय म्हणजे काम चालू आहे, असं आपण समजतो. यूव्ही डोळ्यांना दिसतच नाही, दिसतो तो त्याच्यासोबतचा उजेड. डब्यावर तासांचं मीटर होतं, पण आत प्रत्यक्ष यूव्ही मोजणारा सेन्सर नव्हता. हिरवा दिवा फक्त एवढंच सांगत होता की वीज पोचली आहे.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या नव्या मुलाने, मनापासून मदत म्हणून, झाकण उघडून नळी साध्या फडक्याने पुसली. दुसऱ्या दिवशी मी टॉर्च धरून पाहिलं तर नळीवर त्याच्या चारही बोटांचे ठसे होते, तेलकट, अगदी रेषा मोजता येतील असे. बोटांचं तेल हा प्रकाश खातं. त्या चार ठशांमागच्या गॅसला किती प्रकाश मिळाला असेल, कोण जाणे. त्याला रागावले नाही. ग्लोव्ह्ज घालून, स्पिरिट लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने कसं पुसायचं ते दाखवलं आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली. कंपनीने हे यंत्राबरोबरच्या पुस्तकात पहिल्या पानावर द्यायला हवं होतं. ते शेवटून दुसऱ्या पानावर होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यातली दुपार मला सगळ्यात जास्त खटकली. चौथी केस, पित्ताशय, सिन्नरच्या एक काकू. बाहेर वळवाचा पाऊस सुरू झाला, ढग गडगडले आणि लाईट गेली. इन्सफ्लेटर, मॉनिटर, लाईट सोर्स यूपीएसवर होते, त्यामुळे ऑपरेशन थांबलं नाही. काही सेकंदांत जनरेटर लागला. सगळे आपापल्या कामाला लागले. दहा-बारा मिनिटांनी माझं लक्ष डब्याकडे गेलं तर हिरवा दिवा बंद. डबा भिंतीच्या सॉकेटवर होता आणि वीज परत आल्यावर तो आपोआप चालू होत नाही, पुढचं बटण दाबावं लागतं. ना अलार्म, ना लाल दिवा. गॅस मात्र त्याच्यातून जातच होता. आमचा फिल्टर मध्ये होता म्हणून मी शांत राहिले. काकू तिसऱ्या दिवशी घरी गेल्या, टाके छान भरले. पण फिल्टर काढून टाका म्हणणाऱ्या कागदावर कुणी विश्वास ठेवला असता तर? बंद पडलं तरी गॅस जाऊ देणारं आणि तोंडातून चकार शब्द न काढणारं यंत्र ओटीत चालत नाही. यासाठी मी एक अख्खा गुण कापलाय.

आणि ते उजेडाचं. पाचव्या आठवड्यात बाहेरच्या तोटीवरचा प्लॅस्टिकचा कनेक्टर नळीच्या बाजूने पिवळट झालेला दिसला. तुटला नव्हता, पण बोटाने दाबला तर नव्या कनेक्टरइतका लवचीक नव्हता. यूव्ही प्लॅस्टिकला कडक करतो. म्हणजे टोकापाशी थोडा प्रकाश निसटत होता. इंजिनीअरने तिथे धातूचं वळण बसवू असं सांगितलंय.

आता डबा बाजूला ठेवून जे सांगायचंय ते. गॅसमध्ये जंतूंशिवायही काही असतं. नवा सिलिंडर जोडण्याआधी आपण व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडाशी साचलेली धूळ उडवून देतो. गेल्या वर्षी एका पुरवठादाराकडून आलेल्या सिलिंडरसमोर मी पांढरं गॉज धरलं होतं. त्यावर गंजाचे सहा-सात तपकिरी ठिपके उठले, मिठाच्या खड्याएवढे. तो सिलिंडर परत पाठवला. गॉज मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. तेच इंजिनीअरला दाखवून विचारलं, "दादा, याला तुमचा दिवा काय करेल?" तो म्हणाला, "काहीच नाही." उलट कणाच्या सावलीत लपलेला जंतूही वाचतो. गंज अडवायला पडदाच लागतो.

मग येतो धूर. कॉटरी आणि हार्मोनिकने (कंपनांनी कापणाऱ्या हत्याराने) चरबी जळते तो धूर पोटात साचतो आणि शेवटी ट्रोकारचा व्हॉल्व्ह उघडला की कॅमेरा धरणाऱ्याच्या आणि माझ्या तोंडावर येतो. बावीस वर्षं मी तो वास केसांत घेऊन घरी जातेय. त्यात बेंझिन असतं, कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइड असतं. कोरियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिपॅटायटिस बी असलेल्या ११ पेशंटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचा धूर गोळा केला तेव्हा १० जणांच्या धुरात विषाणू सापडला. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा सगळ्यांना एकदम जाग आली. पोटातला गॅस फिल्टरमधूनच बाहेर सोडायचा, असं सर्जनच्या संघटनांनी सांगितलं आणि आम्ही ते पाळलं. नंतर पुष्कळ ठिकाणी ती नळी कपाटात गेली. मी इंजिनीअरला म्हटलं, डबा आत जाणाऱ्या गॅसला लावता, बाहेर येणाऱ्याला का नाही? तिथे तर जंतू नक्की आहेत. तो म्हणाला की धुराची काजळी क्वार्ट्झवर बसते आणि प्रकाश अडतो, आधी बारीक फिल्टर आणि कोळसा लागेल. उत्तर बरोबर आहे. पण मग पैसे आधी त्या फिल्टरवर आणि कोळशावर जायला हवेत. रोज आठ तास तो धूर ओढणारी माणसं आम्ही आहोत.

मला हा विषय इतका का लागतो, तेही सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते. दिंडोरीकडची एक बाई, दोन लहान मुलींची आई, पित्ताशय काढून तिसऱ्या दिवशी हसत घरी गेली. महिन्याने परत आली ती बेंबीखालच्या टाक्याशी गाठ आणि त्यातून पाणी घेऊन. साधी अँटिबायोटिक्स झाली, ड्रेसिंग झाली, भरे आणि पुन्हा फुटे. शेवटी तपासणीत निघाला टीबीचा चुलतभाऊ म्हणावा असा जंतू, जो नळाच्या पाण्यात सहज राहतो. सहा महिने औषधं चालली. ती ड्रेसिंगला यायची तेव्हा मोठी मुलगी बाहेर बाकावर अभ्यास करत बसायची. आम्ही शोध घेतला तेव्हा कळलं : दोन केसेसच्या मध्ये ट्रोकार ग्लुटरल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवायचे, आणि बाहेर काढून नळाच्या पाण्याखाली धुवायचे. व्हॉल्व्हच्या आतल्या खाचेत जुनं रक्त वाळून बसलेलं होतं. मी स्वतः ते ट्रोकार ट्रॉलीवर मांडलेले होते. ते मी आजही विसरले नाही.

त्या बाईच्या पोटात जंतू गॅसमधून गेला नव्हता. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आपल्याकडे असा जो त्रास होतो, तो बहुतेक वेळा सांध्यांत, खाचांत, पोकळ नळ्यांत राहिलेल्या घाणीतून आणि धुण्याच्या पाण्यातून येतो. म्हणून डेमो संपताना मॅनेजमेंटने विचारलं, घ्यायचा का, तेव्हा मी आकडे मांडले. डब्याची किंमत सांगितली होती पावणेदोन लाख, वर जीएसटी. आम्हाला फिल्टर पडतो साधारण अडीचशेला. म्हणजे डब्याच्या पैशांत ७०० पेशंटचे नवे फिल्टर येतात. महिन्याला आमच्या पंचेचाळीसएक केसेस धरल्या तर पंधरा महिन्यांची बेगमी. मी लिहून दिलं : आधी ट्रोकारचे सुटे ब्रश प्रत्येक साइजचे, आणि अजून चार सेट ट्रोकार, म्हणजे घाईत बुडवून काढायची वेळच येणार नाही आणि प्रत्येक सेट ऑटोक्लेव्ह होईल. मग धूर ओढायचं यंत्र. ते झाल्यावर पैसे उरले तर डबा. सरांनी मान्य केलं. ब्रश आले आहेत, ट्रोकारची ऑर्डर गेली आहे.

डब्याला मी पाचपैकी अडीच देते. कल्पना चांगली आहे, बांधणी विचार करून केलेली आहे, आणि सर्व्हिस फार चांगली मिळाली. फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस नाशिकला हजर. सेन्सर, वीज गेल्यावर वाजणारा अलार्म, आणि २० लिटरच्या फ्लोचा रिपोर्ट, या तीन गोष्टी घेऊन ते परत आले तर मी पुन्हा ट्रॉलीवर जागा करून देईन. कुंभमेळ्याच्या तयारीत सध्या नाशिकच्या बऱ्याच हॉस्पिटलांत नवी यंत्रं येत आहेत, त्यामुळे हा डबा तुमच्याकडेही पोचेल. आला की पहिल्या दिवशी, पेशंट टेबलवर नसताना, गॅस चालू ठेवून त्याचा प्लग भिंतीतून काढा आणि ओटीत कुणाला कळतं का ते बघा.